चार हातांचे काम

(द्वितीय वर्ष कला)

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केलेली आहे. पण दात का जातात, याचा विचार दाढ ठणकू लागेपर्यंत कोणी करीत नाही. मग लवंग दाताखाली धरून होते, मीठपाण्याच्या गुळण्या होतात आणि रात्र जागून काढल्यावर सकाळी माणूस दातांच्या दवाखान्याची पायरी चढतो. तेथे त्याला दोन माणसे भेटतात. एक दंतवैद्य. त्यांचे नाव पाटीवर असते आणि पदवी भिंतीवर चौकटीत लावलेली असते. दुसरे माणूस खुर्चीच्या डाव्या बाजूस असते. त्याचे नाव कोठेच लिहिलेले नसते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या माणसाविषयी आहे. ते काय करते, ते काम कसे शिकते आणि त्याच्या शिकण्यावर रोग्याचे काय अवलंबून असते, हे मला सांगावयाचे आहे.

हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. गेले दीड वर्ष मी स्वतः दंतसहायकाचे काम शिकते आहे. सकाळी महाविद्यालय आणि दुपारी चार ते रात्री आठ दवाखाना, असा माझा दिनक्रम आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात पाऊल ठेवणारी मी पहिलीच. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई लोकांच्या रानात खुरपायला जाते. तेव्हा फीचे आणि पुस्तकांचे पैसे मलाच उभे करावयाचे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग महाराष्ट्राला दाखवला. मी त्याच मार्गाने निघाले. पण दवाखान्यात नुसते कमवणे होईल आणि शिकणे महाविद्यालयात होईल, असे जे मला वाटले होते, तसे घडले नाही. तेथेही शिकणेच होते, आणि तेही कठीण.

शेजारच्या काकू मला नेहमी विचारतात, "म्हणजे तिथं भांडीच घासायची ना गं?" मला या प्रश्नाचा राग येत नाही. माझ्या कामाचा बराच भाग धुण्याचा आहे, हे खरेच आहे. परंतु भांडी घासणे आणि दातांची हत्यारे निर्जंतुक करणे यांत अंतर किती, हे एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम हे सांगितले पाहिजे की दंतसहायक म्हणजे दंतवैद्य नव्हे. आपल्या देशात १९४८ साली दंतवैद्यक कायदा झाला आणि त्यानुसार १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली. त्या कायद्याने तीन प्रकारच्या माणसांची नोंदणी ठरवली. पहिले दंतवैद्य. दुसरे 'डेंटल हायजिनिस्ट', म्हणजे दात साफ करणारे, कीटण काढणारे व दातांची निगा कशी राखावी हे शिकवणारे. तिसरे 'डेंटल मेकॅनिक', म्हणजे कवळ्या आणि दातांची अन्य साधने बनवणारे व दुरुस्त करणारे. या दोघांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत आणि त्यासाठी बारावीला विज्ञान शाखा असावी लागते. खुर्चीशेजारी उभे राहून मदत करणाऱ्याची मात्र वेगळी नोंदवही त्या कायद्यात नव्हती. तो दात कोरीत नाही, इंजेक्शन देत नाही, रोगाचे निदान सांगत नाही आणि औषधही लिहून देत नाही. हे सर्व तो करीत नसल्याने तो काहीच करीत नाही, असा लोकांचा समज होतो.

या व्यवसायाचा इतिहासही मजेदार आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या शहरी एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी १८८५ साली एका तरुणीस मदतीला नेमले. त्या काळी तिकडे प्रतिष्ठित घरातील स्त्रिया सोबत पती किंवा दासी असल्याखेरीज दंतवैद्याकडे जात नसत. केल्स यांच्याकडे बाई मदतनीस आहे म्हटल्यावर स्त्रिया एकट्या येऊ लागल्या. मग इतर दवाखान्यांनीही खिडकीत पाट्या लावल्या, की येथे बाई हजर असते. म्हणजे सहायकेची पहिली योग्यता कोणती, तर ती तेथे हजर असते ही! तिला काय येते, हे पाटीवर नव्हते. पुढे १९२४ साली जूलिएट साउथर्ड या सहायकेने पुढाकार घेऊन अमेरिकन दंतसहायकांची संघटना उभी केली आणि सहायकांना शिक्षण हवे, ही मागणी मांडली. हजर असणे व काम येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य होण्यास एवढी वर्षे लागली.

आता शिकण्याकडे वळू. पहिला धडा नावांचा. आरसा, चिमटा आणि टोकदार प्रोब ही तीन हत्यारे प्रत्येक रोग्यासाठी लागतातच. त्यांच्याखेरीज कीड कोरून काढण्याचे चमच्यासारखे हत्यार, सिमेंट दाबण्याचे हत्यार, कीटण काढण्याचे स्केलर, दात सैल करण्याचे एलिव्हेटर आणि दात उपटण्याच्या पकडी. नवख्या माणसाला सगळ्या पकडी सारख्याच दिसतात. पण वरच्या दाढेची पकड वेगळी, खालच्या दाढेची वेगळी. इतकेच नव्हे, वरच्या दाढांसाठी उजवीची आणि डावीची पकडही वेगळी असते. याचे कारण तोंडातच आहे. वरच्या दाढेला बहुधा तीन मुळे असतात, दोन गालाकडे आणि एक टाळूकडे. म्हणून पकडीच्या एका ओठाला टोक असते आणि ते गालाकडच्या दोन मुळांमध्ये बसते. हे कळल्यावर पाठांतराची गरज उरत नाही, हत्यार स्वतःच आपले नाव सांगते.

हत्यारांपाठोपाठ दातांचे क्रमांक. आपण पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा असे म्हणतो. दवाखान्यात प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक असतो. तोंडाचे चार भाग करावयाचे. रोग्याचा वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३ आणि खालचा उजवा ४. मग मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजावयाचे. म्हणजे ३६ हा छत्तिसावा दात नव्हे. कारण माणसाला दातच मुळी ३२ असतात. ३६ म्हणजे तिसऱ्या भागातील सहावा, खालची डावी पहिली मोठी दाढ. दुधाच्या २० दातांसाठी ५, ६, ७ आणि ८ हे भाग ठेवले आहेत. डॉक्टर बोलतात आणि सहायक कागदावर लिहितो. '३६' ऐवजी '४६' लिहिले गेले तर दुखरी बाजूच बदलते, म्हणून लिहिलेले पुन्हा वाचून दाखवावयाचे, हा नियम.

या ३६ क्रमांकाच्या दाढेविषयी एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती कोणताही दुधाचा दात न पाडता मागे गुपचूप उगवते. त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. "पडायचीच आहे, कशाला भरायची?" असे म्हणून ती किडू देतात. ती गेली की पुन्हा येत नाही. दवाखान्यात येणाऱ्या मुलांमध्ये हा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे.

दुसरा धडा बसण्याचा आणि हात चालवण्याचा. या पद्धतीला 'चार हातांचे दंतकाम' असेच नाव आहे. रोग्याचे तोंड हे घड्याळाची तबकडी समजावयाचे. डोक्याकडे १२ आणि पायांकडे ६. उजव्या हाताचे डॉक्टर ७ ते १२ या भागात बसतात. सहायकाची जागा २ ते ४ यांच्या दरम्यान, म्हणजे रोग्याच्या डाव्या बाजूस. १२ ते २ या भागात ट्रॉली असते आणि ४ ते ७ हा भाग हत्यारे देण्याघेण्याचा, म्हणजे हनुवटी आणि छातीच्या वर. रोग्याच्या डोळ्यांवरून हत्यार कधीही न्यावयाचे नाही. डॉक्टरांची नजर तोंडातून हलू नये, यासाठी ही सारी व्यवस्था. त्यांनी हात किंचित बाहेर घेतला की जुने हत्यार करंगळीच्या बाजूच्या बोटांनी घ्यावयाचे आणि त्याच हाताच्या अंगठा व तर्जनीत धरलेले नवे हत्यार, योग्य दिशेला तोंड करून, त्यांच्या बोटांत ठेवावयाचे. त्यांना ते पेनासारखे आयते धरता आले पाहिजे. दुसऱ्या हातात सक्शनची नळी असते. तिने लाळ आणि पाणी ओढून घ्यावयाचे, पण तिचे टोक घशाच्या मागच्या भागाला किंवा टाळूच्या मऊ भागाला लागू द्यावयाचे नाही. नाहीतर रोग्याला उमासा येतो.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही ॲडम स्मिथच्या टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण शिकलो. काम वाटून घेतले की उत्पादन वाढते, हे त्याने १७७६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले. चार हातांच्या कामातही वाटणी आहे. पण एक फरक मला जाणवला. टाचणीच्या कारखान्यात तार कापणाऱ्याला टोक काढणाऱ्याचे काम कळण्याची गरज नसते. येथे मात्र पुढची पायरी सहायकाला आधी ठाऊक असावी लागते. दाढ कोरून झाली की दात कोरडा करावयाचा, कापूस बदलावयाचा आणि सिमेंट कालवावयास घ्यावयाचे, हे डॉक्टरांनी सांगण्याची वाट पाहिली तर तोवर दात पुन्हा लाळेने ओला होतो. म्हणून प्रत्येक उपचाराचा क्रम पाठ असावा लागतो. जे काम मी करीत नाही, तेही मला समजावे लागते.

तिसरा धडा कालवण्याचा. हा धडा मला घरच्या स्वयंपाकघराच्या सर्वांत जवळचा वाटला. एकतारी पाक कोणत्या क्षणी उतरवावयाचा, हे आईला घड्याळाने कळत नाही, डोळ्याने कळते. तसेच येथे. ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट कागदाच्या जाड पॅडवर कालवतात. त्याच्या भुकटीने धातू घासला जातो, म्हणून कालथा प्लॅस्टिकचा. सारे काम अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकावे लागते आणि मिश्रणावर चकाकी आहे तोवरच ते दातात गेले पाहिजे. चकाकी गेली की ते दाताला नीट चिकटत नाही. झिंक फॉस्फेट या जुन्या सिमेंटचा स्वभाव निराळा. ते कालवताना उष्णता निर्माण होते. म्हणून ते थंड, जाड काचेवर पसरून, भुकटी थोडी थोडी घालत कालवतात, म्हणजे उष्णता काचेत जिरते. तात्पुरत्या भरणासाठी झिंक ऑक्साइडच्या भुकटीत युजेनॉल मिसळतात. हे युजेनॉल लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्य. आजीच्या लवंगेला दवाखान्यातही जागा आहे, हे पाहून मला फार बरे वाटले होते.

कवळीसाठी तोंडाचे माप घेण्यास अल्जिनेट वापरतात. ते समुद्री शेवाळापासून बनते. रबराच्या वाटीत भुकटी व पाणी घेऊन वाटीच्या कडेला दाबून रगडत कालवले म्हणजे त्यात हवेचे बुडबुडे राहत नाहीत. पाणी कोमट असेल तर ते भराभर घट्ट होते, गार असेल तर सावकाश. म्हणून आमच्याकडे मे महिन्यात फ्रिजचे पाणी वापरावे लागते. घेतलेले माप तसेच ठेवून चालत नाही. त्यातील पाणी उडते आणि ते आकसते. लगेच त्यात प्लॅस्टर ओतावयाचे, आणि थोडा उशीर होणारच असेल तर ते ओल्या कापडात गुंडाळून ठेवावयाचे. आकसलेल्या मापावर केलेली कवळी म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीला टोचते, आणि दोष मात्र कवळीला लागतो.

आता चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा धडा. काकूंच्या भांड्यांच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. 'स्वच्छ' आणि 'निर्जंतुक' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण ते वेगळे आहेत. स्वच्छ म्हणजे डोळ्यांना घाण दिसत नाही असे. निर्जंतुक म्हणजे ज्यावर एकही जिवंत जंतू उरलेला नाही असे. चकचकीत आरसा स्वच्छ असतो, पण निर्जंतुक असेलच असे नाही. दातांच्या हत्यारांना रक्त आणि लाळ लागते. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी जी कावीळ, तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरू शकतो. एका रोग्याचे हत्यार दुसऱ्याच्या तोंडात जाते. या दोघांच्या मध्ये जी खोली असते, तिच्यात सहायक उभा असतो.

या खोलीत घाण बाजू आणि शुद्ध बाजू अशा दोन बाजू असतात. हत्यारांचा प्रवास एकाच दिशेने व्हावयाचा, उलट कधीच नाही. प्रथम जाड हातमोजे घालून हत्यारे धुवावयाची. धुतल्याशिवाय वाफ देऊन उपयोग नाही, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली जंतू लपतात आणि वाफ तेथवर पोचत नाही. बिजागरीची हत्यारे उघडी ठेवावयाची. मग ती कोरडी करून पाकिटात घालावयाची, पाकिटावर तारीख लिहावयाची आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावयाची.

ऑटोक्लेव्ह म्हणजे तत्त्वतः आपला प्रेशर कुकर. पाश्चरचा सहकारी चार्ल्स चेंबरलँड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या काळात तो घडवला. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते आणि त्यापुढे तापत नाही. काही जंतू स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणूंच्या रूपाने उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. म्हणून 'हत्यारे उकळून घेतली' एवढे पुरेसे नाही. दर चौरस इंचाला १५ पौंड इतका जादा दाब दिला की वाफेचे तापमान १२१ अंशांवर जाते आणि तेथे बीजाणूही मरतात. पाकिटातील हत्यारे या तापमानाला अर्धा तास ठेवतात. घड्याळ बटण दाबल्यापासून लावावयाचे नाही, तापमान गाठल्यापासून लावावयाचे. आत पाकिटे कोंबून भरावयाची नाहीत, कारण वाफेला फिरण्यास जागा हवी. आणि पाकिटे ओली असताना बाहेर काढावयाची नाहीत, कारण ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत शिरतात.

पाकिटावर एक पट्टी असते. ती तापल्यावर रंग बदलते. रंग बदलला म्हणजे पाकिटाला वाफ लागली, एवढेच सिद्ध होते. जंतू खरोखर मेले की नाही हे पाहण्यासाठी चिवट बीजाणू भरलेली छोटी कुपी हत्यारांबरोबर आत ठेवतात आणि नंतर ती उबवून पाहतात. कुपीत काही वाढले नाही, तर यंत्र विश्वासाचे.

यात सहायकाचा स्वतःचा जीवही गुंतलेला असतो. वापरलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण बसवावयाचे नाही. टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावयाची. हिपॅटायटिस बीची लस तीन वेळा घ्यावी लागते: पहिली, मग एका महिन्याने आणि मग पहिलीपासून सहा महिन्यांनी. कचऱ्याचेही शास्त्र आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे आणि प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया व पाती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात. हा नियम मोडला तर सुई टोचते ती कचरा वेचणाऱ्या बाईला, आणि तिला कोणी लस दिलेली नसते.

क्ष-किरणांचा नियमही असाच. फिल्म रोग्याच्या तोंडात सहायकाने आपल्या बोटांनी धरून ठेवावयाची नाही, आणि भिंतीचा आडोसा नसेल तर किमान सहा फूट दूर, किरणांच्या वाटेबाहेर उभे राहावयाचे. वर ज्यांचा उल्लेख केला ते केल्स अमेरिकेत क्ष-किरण वापरणाऱ्या पहिल्या दंतवैद्यांपैकी एक. १८९६ पासून ते हे काम करीत. त्या वेळी या किरणांचा धोका कोणास ठाऊक नव्हता. यंत्र नीट चालते का, हे लोक स्वतःचा हात मध्ये धरून पाहत. केल्स यांची आधी बोटे गेली, मग हात गेला आणि १९२८ साली फार यातनांत त्यांचा शेवट झाला. आज आपण सहा फूट मागे सरकतो, ते अंतर अशा माणसांनी मोजून दिलेले आहे.

पाचवा धडा बोलण्याचा. यात माझ्यासारख्या खेड्यातून आलेल्या मुलीला थोडे झुकते माप मिळते. डॉक्टर मॅडम शहरातल्या. त्या सांगतात ते बरोबर असते, परंतु रोगी मान डोलावतो आणि बाहेर येऊन मला विचारतो, "वरची दाढ काढली की डोळं जात्यात म्हणं, खरं हाय का?" मी सांगते, "नाही मामा. दाताची नस निराळी आणि दिसण्याची नस निराळी. उतारवयात दात पडतात आणि दृष्टीही मंदावते, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारली." दाताला कीड लागते म्हणजे आत खरोखरीची अळी असते, असाही समज आहे, आणि बाजारात अळी काढून दाखवणारे भोंदू त्यावर पैसे मिळवतात. वास्तविक दातावर साचलेल्या थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच विरघळते.

दात काढल्यावरच्या सूचना सांगणे हे माझे काम. कापूस अर्धा तास घट्ट चावून धरा. आज गुळण्या करू नका. थुंकू नका, लाळ गिळा. गरम चहा नको. बिडी, तंबाखू नको. यातील 'थुंकू नका' हे आमच्याकडे सर्वांत अवघड जाते. पण का, ते सांगितले की लोक ऐकतात. दाताच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, तीच जखमेचे झाकण असते. थुंकल्याने ती निघून आली की हाड उघडे पडते आणि दोन दिवसांनी असह्य ठणका लागतो.

मिश्रीबद्दल बोलताना मात्र जपून बोलावे लागते. आमच्या भागातील पुष्कळ बायका भाजलेल्या तंबाखूची ही पूड दिवसातून तीन-चार वेळा दातांना लावतात. माझी आईही लावते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे पुस्तकातले वाक्य तिला ठाऊक आहे. पण खुरपणीच्या दिवसात भूक मारण्यास मिश्री लागते, हे पुस्तकात नाही. म्हणून मी कोणत्याही बाईला उपदेश करीत नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, किंवा न भरणारी जखम असली, तर डॉक्टरांना दाखवा, इतकेच सांगते. तो चट्टा कशाचा, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. आपल्या कामाची हद्द ओळखणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे.

हे सारे मला कोणी शिकवले? मॅडमनी कारणे शिकवली आणि हात शिकवले ते आमच्या थोरल्या ताईंनी. त्या वीस वर्षे हे काम करीत आहेत. शाळा सातवीपर्यंत. पकडीच्या नुसत्या आवाजावरून त्यांना पुढचे हत्यार कळते. घाबरलेला रोगी पांढरा पडू लागला की त्यांच्या ते सर्वांआधी लक्षात येते. खुर्ची आडवी करून त्या त्याचे पाय वर घेतात. त्या पूर्वी जेथे होत्या तो दवाखाना बंद झाला. तेव्हा त्या दुसऱ्या एका दवाखान्यात गेल्या. तेथे त्यांना पहिला प्रश्न विचारला, "सर्टिफिकेट आहे का?" ते नव्हते. मग त्यांना फरशी पुसण्याच्या कामावर आणि त्याच पगारावर ठेवले. पंधरा वर्षांचे ज्ञान दाराबाहेर चपलांजवळ राहिले. आमच्याकडे आल्यावर त्या पुन्हा खुर्चीच्या डाव्या बाजूस उभ्या राहिल्या.

मला जे म्हणावयाचे आहे ते हेच. ज्या कामात एका चुकीने निरोगी माणसाला कावीळ होऊ शकते, ते काम शिकावे लागते. आणि जे शिकावे लागते, त्याची नोंद असली पाहिजे. इंग्लंडमध्ये २००८ सालापासून या कामासाठी रीतसर शिक्षण आणि नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे शहरांतून सहा महिन्यांचे, वर्षाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतात, आणि आरोग्यक्षेत्राच्या कौशल्य परिषदेने दंतसहायकाच्या कामाचे मानकही ठरवले आहे. २०२३ साली संसदेने १९४८ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. तालुक्याच्या गावी मात्र बहुतेक मुली माझ्यासारख्याच पाहून पाहून शिकतात. शिकवणारे मन लावून शिकवणारे असतील तर त्या चांगल्या तयार होतात. नसतील तर 'धुऊन पुसून ठेव' एवढेच शिकतात. रोग्याला मात्र या दोघींतला फरक खुर्चीवरून दिसत नाही.

माझ्या अल्पमतीप्रमाणे यासाठी मोठा खर्च लागणार नाही. कामाला लागणाऱ्या प्रत्येकीला आधी कावीळप्रतिबंधक लस मिळावी. निर्जंतुकीकरणाच्या पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरांत त्या खोलीच्या भिंतीवर लावाव्यात. मॅडमना विचारून मी त्या आमच्याकडे लिहून लावल्या आहेत. आणि वर्षानुवर्षे काम केलेल्या ताईंसारख्यांची, पुस्तकी अट न घालता, प्रत्यक्ष कामाची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे. ती परीक्षा त्या हसत उत्तीर्ण होतील.

कला शाखेच्या मुलीने विज्ञानाच्या प्रांतात फार लुडबूड केली, असे गुरुजनांना वाटल्यास क्षमा असावी. पण भाषा, इतिहास आणि अर्थशास्त्र या तिन्हींची मला त्या खोलीत गरज पडली. पदवीनंतर मी काय करीन हे आज ठरलेले नाही. एवढे मात्र ठरले आहे, की हे काम मी कोणाला सांगताना आवाज खाली आणणार नाही.

आपण दातांच्या दवाखान्यात जाल तेव्हा एक गोष्ट जरूर पाहा. हत्यारांचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, त्यावर तारीख आहे का आणि पट्टीचा रंग बदलला आहे का. दिसले नाही तर विचारा. विचारले म्हणून कोणी रागावू नये; आणि जिने ते पाकीट नीट धुऊन, वाळवून, तारीख घालून भरले आहे, तिला तर आपल्या प्रश्नाने आनंदच होईल.